सोडियमचे दरवाजे आणि कोपरची ओवी

फिटच्या, म्हणजे आकडीच्या, डॉक्टरांकडे नोकरी केली की किस्से शोधावे लागत नाहीत, डोक्यात आपोआप साचतात. माजिवड्याच्या आमच्या क्लिनिकमध्ये मी ईईजी काढते, म्हणजे डोक्याला वायरी चिकटवून मेंदूतल्या विजेचा आलेख घेते. आणि आमच्या डॉक्टर मॅडम म्हणजे अजब बाई!

*

कोपर गावची ओवी तीन वर्षांची. ताप आला की फिट. शेजारी कांदा हुंगवायचे, घरच्यांच्या जिवाला घोर. ईईजीला केस कोरडे हवेत, असं मी फोनवर बजावलेलं. तरी आजीने चापून तेल लावून आणली! "अगं, डॉक्टरांकडे काय पिंजारलेली आणायची?"

मी वैतागले. मॅडमनी मात्र बाह्या सरसावून बेसिनपाशी तिचं डोकं स्वतः धुतलं.

*

ओवीच्या बाबांनी विचारलं, "डोक्यात वीज येते कुठून?"

"मिठातून!" मॅडम म्हणाल्या. "पेशीच्या भिंतीत बारीक दरवाजे असतात, त्यांना चॅनल म्हणतात. मिठातलं सोडियम आत शिरलं की पेशी पेटते, पोटॅशियम बाहेर पडलं की शांत होते."

दुसऱ्याच दिवशी ओवीच्या आईचा फोन. "मॅडम, यांनी घरातलं मीठच बंद केलंय हो! पोर जेवत नाही."

"त्यांना द्या फोन!" मग बाबांची जी काही हजेरी घेतली! मीठ त्याच दुपारी परत आलं.

*

मॅडमनी फिटची नेहमीची गोळी दिली आणि फिट वाढल्या. ओवी दिवसभर पडून राहायची, बोलेनाशी झाली. आईकडे बघवत नव्हतं.

जेनेटिक टेस्टचा रिपोर्ट आला तसा मॅडमनी कपाळावर हात मारला. "मेंदूत पेटवणाऱ्या पेशी असतात, तशा आवरणाऱ्याही. हिच्या आवरणाऱ्या पेशींना सोडियमचे दरवाजे आधीच कमी, आणि माझी गोळी उरलेलेही बंद करतेय!"

आईला समोर बसवून म्हणाल्या, "ताई, ती गोळी मीच लिहिलेली. हिला ती बाधली. आता बदलूया."

असं तोंडावर सांगणारा डॉक्टर मी दुसरा पाहिला नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

*

नव्या औषधावर फिट तुरळक झाल्या. परवा मायलेकी आल्या. दिवसभर पडून असायची तीच ओवी आता खुर्च्यांवर चढून ओरडत होती, माझ्या वायरी ओढत होती. आई घामाघूम.

"मॅडम, दिवसभर नुसता धिंगाणा घालते हो! शांत बसेल असं काहीतरी द्या ना!"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"नाही देणार!"