'ठीक' असा शेरा मिळालेल्या नऊ जणी

माझ्या नोकरीत खून, दरोडे, वाळूच्या ट्रॅक्टरवरून झालेल्या हाणामाऱ्या असे पुष्कळ तपास झाले. त्यांतले बरेचसे आता डोक्यात एकमेकांत मिसळले आहेत. पण चोपड्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या ठाण्याचा मी प्रभारी असताना आलेले एक प्रकरण बारीकसारीक तपशिलांसह लक्षात राहिले. नावे सांगत नाही, कारण त्यातली बहुतेक माणसे अजून तिथेच राहतात.

सकाळची हजेरी आटोपून मी खुर्चीत बसतो न बसतो तोच एक माणूस थेट आत आला. केळी कापणीच्या टोळीत काम करणारा, तिशीतला. ठाणे अंमलदार त्याला बाहेर बसवू पाहत होता, तो बसायला तयार नव्हता. त्याने एक चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"साहेब, मनी बायकोले ठीक शे आसं लिखी दिधं. ठीक व्हती, ते मंग ती पडनी कशी?"

त्याची बायको सहा महिन्यांची गरोदर होती. आठवड्यापूर्वी ती घरातच कोसळली. रुग्णालयात कळले की अंगात रक्तच उरलेले नाही. तिला धुळ्याला हलवले. ती वाचली, मूल वाचले नाही. त्याच्या बारा दिवस आधी गावात एका खासगी संस्थेने गरोदर बायकांचे रक्त तपासण्याचे शिबिर घेतले होते. चिठ्ठी त्या शिबिराची होती. त्यावर नाव, गाव आणि एकच शेरा छापलेला: ठीक. रक्ताचा आकडा त्यावर नव्हता.

तक्रार अर्ज लिहून घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली. दुपारी ठाण्याच्या फोनवर एकाने नाव न सांगता कळवले, "त्या शिबिरातला रक्त तपासणारा माणूस नुसती सुई टोचतो. तपासत काही नाही, आकडे मनाने भरतो."

मला ते पटले. खरे सांगायचे तर मला ते सोयीचे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तंत्रज्ञ ठाण्यात हजर झाला. पन्नाशीचा, अंगाने किडकिडीत, बोलायला सावकाश. मी त्याला तीन तास तेच तेच प्रश्न फिरवून विचारले. किती वाजता पोहोचलात? किती बायका तपासल्या? मशीन शेवटचे कधी तपासून घेतले होते? खोटे बोलणारा माणूस तिसऱ्या वेळी काहीतरी वाढवून सांगतो, नाहीतर चिडतो. हा दर वेळी तेवढेच सांगत होता, आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी एकच वाक्य जोडत होता.

"साहेब, माझं रजिस्टर मागवा. त्यात सगळं आहे."

मी ते मागवले दुपारी तीन वाजता. तोवर तो पोलीस ठाण्यात बसलाय ही बातमी गावभर झाली होती आणि त्याच्या दाराशी माणसे जमली होती. फोन करणाऱ्याचे त्याच्याशी शेताच्या बांधावरून जुने भांडण होते, हे मला नंतर समजले.

रजिस्टर आले. निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात तक्रारदाराच्या बायकोचे नाव आणि पुढे हिमोग्लोबिनचा आकडा होता: ५.४. सातच्या खाली आकडा म्हणजे ताबडतोब रुग्णालय, हे त्यानेच मला सांगितले. शिबिरात कुणाला काही सांगायचे नाही, चिठ्ठी कार्यालयातूनच जाईल, असा संस्थेचा नियम होता. म्हणजे त्याने तपासले होते आणि खरे लिहिले होते. मी त्याला जीपने घरी सोडायला लावले, सोबत हवालदार दिला, आणि दारातल्या माणसांना हवालदाराने स्पष्ट सांगावे असे बजावले की याचा काही दोष नाही.

मग ५.४ चे 'ठीक' कुणी केले?

रजिस्टरवरचे आकडे संस्थेच्या कार्यालयात संगणकावर भरले जात. ते काम एक विवाहित बाई करायची. तिला महिला पोलीस शिपायासमोर बसवून विचारपूस केली. ती हाताने पदराचे टोक पिळत होती, पण नजर चुकवत नव्हती.

"शेरा मी लिहीत नाही साहेब. मी फक्त आकडा भरते. शेरा आपोआप येतो. सरांनी तसा फॉर्म्युला लावलेला आहे."

"तुम्हाला हा आकडा कमी आहे हे दिसलं नाही?"

ती गप्प झाली. चौकशीत अशी गप्प बसण्याची जागा आली की अधिकाऱ्याने बोलू नये, हे मला माझ्या पहिल्या वरिष्ठांनी शिकवले होते. मी पाणी मागवले, तिच्यापुढे ठेवले. तिने ते प्यायले आणि पर्समधून फोन काढला.

"दिसलं होतं," ती म्हणाली.

तिने त्याच दिवशी संस्थेच्या व्यवस्थापकाला संदेश पाठवला होता: 'सर, या ताईंचा आकडा खूप कमी आहे, पण शेरा ठीक आला आहे. बघता का?' त्यावर उत्तर होते: 'फॉर्म्युला बरोबर आहे. पुढचे घ्या.'

आम्ही पंचांसमक्ष संस्थेचा संगणक जप्त केला, फाईलची नक्कल काढली आणि मूळ सीलबंद करून ठेवले. नक्कल ठाण्यातल्या संगणकावर उघडली. आमच्या ठाण्याचा गुन्ह्यांचा मासिक गोषवारा तयार करणारी महिला शिपाई या कामात तरबेज होती. तिने मला फॉर्म्युला साध्या भाषेत समजावला. आकडा सातपेक्षा कमी असेल तर 'तातडीने पाठवा'. तसे नसेल आणि अकरापेक्षा कमी असेल तर 'गोळ्या द्या'. यातले काहीच नसेल तर 'ठीक'.

"यात चूक काय आहे?" मी विचारले.

"वाचायला तर काहीच नाही सर."

मला संगणक फारसा येत नाही. पण उभे राहून मुद्देमालाची रजिस्टरे तपासण्यात आयुष्य गेले, त्यामुळे रकाना वाकडा असला की डोळ्याला खटकतो. इथेही खटकले.

"हे आकडे एका रांगेत का नाहीत? काही चौकटीच्या उजव्या कडेला आहेत, काही डाव्या कडेला चिकटलेत."

ती थबकली. मग तिने डावीकडचा एक आकडा पुसून पुन्हा हाताने टाईप केला. आकडा टुणकन उजवीकडे गेला आणि शेजारचा शेरा बदलला. 'ठीक' होते, तिथे 'गोळ्या द्या' आले.

दूरच्या पाड्यांवरच्या शिबिरांचे आकडे फोनवर संदेशातून येत आणि संगणकात जसेच्या तसे चिकटवले जात. दिसायला ते आकडे होते, पण संगणकाने ते अक्षरे म्हणून घेतले होते. अक्षरे कुठल्याही आकड्यापेक्षा मोठीच, असे तो धरून चालतो. म्हणून ५.४ सातपेक्षा कमी ठरेना, अकरापेक्षाही कमी ठरेना, आणि शेवटी उरलेला शेरा पडे: ठीक.

त्या क्षणी मला गुन्हेगाराचा विसर पडला. मी विचारले, "डावीकडे एकूण किती?"

त्रेचाळीस निघाल्या. त्यातल्या नऊ जणींचे आकडे सातच्या खाली होते. एक आमच्या तक्रारदाराची बायको. उरलेल्या आठ जणी हातात 'ठीक'ची चिठ्ठी घेऊन कुठेतरी कामाला लागलेल्या होत्या.

शिपाई आणि ती संगणकवाली बाई शेजारी शेजारी बसल्या आणि नकलेतला फॉर्म्युला दुरुस्त केला. आधी एक अट घातली: चौकटीत खरोखरचा आकडा नसेल, किंवा ती रिकामी असेल, तर शेरा द्यायचा नाही, 'पुन्हा तपासा' असे लिहायचे. मग मुद्दाम चुकीचे आकडे भरून पाहिले, चौकट रिकामी ठेवून पाहिली. प्रत्येक वेळी अट लागू पडली. नवी यादी छापली, आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना दिली, आणि मी बीटचे सगळे अंमलदार बोलावून घेतले. तंत्रज्ञालाही निरोप धाडला. आदल्या दिवशी मी ज्याला दिवसभर बाकावर बसवले होते, तो कसलीही कुरकुर न करता आपले मशीन घेऊन जीपमध्ये बसला.

पहिल्या दिवशी पाच सापडल्या. एक कापसाच्या शेतात वेचणी करत होती. तंत्रज्ञाने बांधावरच पुन्हा रक्त तपासले आणि मला नुसती मान हलवून दाखवली. तिला तिथूनच रुग्णालयात नेले. दुसऱ्या दिवशी दोघी. आठवी माहेरी बाळंतपणाला गेली होती, सोनगीरकडे. मी तिकडच्या ठाण्याला फोन केला. तिथल्या हवालदाराने अंगणवाडीच्या ताईंना घेऊन घर शोधले. पोलीस पाहून सगळे घर घाबरले. त्या मुलीने ट्रंकेतून चिठ्ठी काढून दाखवली आणि म्हणाली, "मी ते ठीक शे. हाई देखा ना, लिखेल शे." धुळ्याला तिला रक्त चढवावे लागले. महिनाभराने तिला मुलगी झाली. हवालदाराने मला फोन करून कळवले, वजनासकट.

व्यवस्थापकाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, मी फॉर्म्युला दहा वेळा तपासला होता." ते खरे होते. त्याने फॉर्म्युला तपासला होता. त्यात आलेला आकडा एकदाही पाहिला नव्हता, आणि पाहणाऱ्या बाईला पुढचे घ्यायला सांगितले होते. तज्ज्ञ डॉक्टरांचा अभिप्राय घेऊन निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल केला, दोषारोपपत्र पाठवले. मी निवृत्त झालो तेव्हा खटला सुरू होता. माझ्या स्वतःच्या चुकांच्या हिशेबात तंत्रज्ञावर घालवलेला तो एक दिवस आहे. त्या दिवशी त्या आठ जणींपैकी कुणी कोसळली असती, तर त्याचे उत्तर मला द्यावे लागले असते.

तपास संपत आला तेव्हा तक्रारदार पुन्हा ठाण्यात आला. मी त्याला रजिस्टरचे ते पान दाखवले. तो म्हणाला, "मनी बायकोना आकडा कोठे शे?" मी बोट ठेवले.

"म्हनजे लिखेल ते खरं व्हतं," तो म्हणाला. "मंग कोनी वाचं नही का?"

मी त्याला खरे ते सांगितले. एका बाईने वाचले होते आणि विचारलेही होते, पण तिचे कुणी ऐकले नाही.

त्यानंतर मी जिथे जिथे प्रभारी राहिलो, तिथे एक पद्धत लावली. अगदी नव्या शिपायालाही एखाद्या कागदाबद्दल शंका आली, तर ती त्याच्या नावाने आणि वेळेसह स्टेशन डायरीत लिहायची, आणि तिचे काय केले हे मी स्वतः खाली लिहायचे. बहुतेक शंका फोल निघाल्या. तरी मी प्रत्येकीखाली सही करत गेलो.