साडेपाच ते सहा

काळजी या विषयात आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या तोडीचा माणूस अख्ख्या नाशिकमध्ये नाही. असलाच कुठे, तर त्याचीही काळजी हेच करत असतील. अंबडच्या एका कारखान्यात ते क्वालिटी इन्स्पेक्टर आहेत. मशीनवरून उतरलेला सुटा भाग मायक्रोमीटरनं मोजायचा, बरोबर असला तर हिरवं लेबल लावून 'ओके'ची सही करायची, शंका आली तर पिवळं 'होल्ड'चं लेबल, आणि वायाच गेला असेल तर लाल. बावीस वर्षं हे केल्यावर माणूस लेबलं कंपनीत ठेवून घरी येत असेल, अशी आपली भाबडी समजूत. आमच्या साहेबांच्या, म्हणजे याच शेजाऱ्यांच्या, शर्टाच्या खिशात पिवळ्या लेबलांची गड्डी कायम असते. सोसायटीच्या लिफ्टवर, टाकीच्या शिडीवर, गणपतीच्या मांडवातल्या वायरीवर, एकदा तर सेक्रेटरींच्या कोऱ्या गाडीवर मी ते लेबल पाहिलेलं आहे. पहाटे कंपनीच्या बसला जाण्याआधी ते माझ्या स्कूटरची दोन्ही चाकं अंगठ्यानं दाबून बघत, आणि हवा कमी वाटली तर मला सीटवर पिवळा कागद सापडे. मी कॉलेजात मराठी शिकवतो म्हणून ते मला सर म्हणतात. 'सर, मागचं. आजच भरा,' एवढाच मजकूर.

एकदा सिन्नरला लग्न होतं, साडेबाराचा मुहूर्त. सिन्नर काही काशी नव्हे, पण वाटेत टायर बसेल, घाटात ट्रक आडवा होईल, कार्यालय चुकेल, असा सगळा हिशेब मांडून साहेबांनी आम्हाला सातलाच काढलं. आम्ही पोचलो तेव्हा कार्यालयाचं कुलूप उघडणारा माणूसही आला नव्हता. नंतर आलेल्या मुलीच्या मामांनी आम्हाला मांडववाल्याची माणसं समजून खुर्च्या लावायला सांगितल्या. साहेबांनी त्या लावल्या, आणि प्रत्येक खुर्चीवर आधी स्वतः बसून पाहिलं. तीन बाजूला काढल्या. आता हसावं, तर त्या तिन्हींचे पाय खरोखरच चिरलेले. साहेबांची पंचाईत हीच होती. आमच्या घरातल्या गॅसच्या नळीवर त्यांनी पिवळं लेबल चिकटवलं तेव्हा माझी बायको दोन दिवस फणफणत होती, आणि तिसऱ्या दिवशी नळी बदलायला आलेल्या माणसानं भेग दाखवली. शंभरातली एक काळजी अशी खरी निघे आणि उरलेल्या नव्याण्णवांना जोर येई.

मी स्वभावानं चौकस, लोक भोचक म्हणतात. या माणसाच्या डोक्यात चालतं तरी काय, याचं मला फार कुतूहल. एकदा विचारलं, "साहेब, सकाळी उठल्याउठल्या पहिली काळजी कोणती येते हो?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. म्हणाले, "पहिली ही, की आज अजून काळजी कशी वाटली नाही."

मी पोट धरून हसलो. तेही हसले, पण थोडं उशिरा. त्या उशिराकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

गेल्या वर्षी एका सकाळी नऊच्या सुमारास मी कॉलेजला निघालो, तर साहेब जिन्यात बसलेले. मांडीवर डब्याची पिशवी. सातला कंपनीत असायचा माणूस. तीनदा खाली उतरले होते आणि तीनदा अर्ध्या जिन्यातून मागे फिरले होते. म्हणाले, "सर, मला ओके लिहिता येत नाही हो. पंधरा दिवस झाले. माप बरोबर असतं, पाच-पाचदा घेतो, पण सही करायची म्हटलं की हात थरथरतो, छाती धडधडते. सगळ्या मालाला पिवळं लावून ठेवलंय. काल मॅनेजर म्हणाले, जमत नसेल तर राजीनामा द्या."

यावर मी, दोन पदव्यांचा धनी, काय म्हणालो? "काळजी करू नका." हे त्यांना आधी कोणी सुचवलंच नसेल, असं मला का वाटलं देव जाणे!

मी त्यांना हाताला धरून वर नेलं. वहिनींनी चहा टाकला. त्या पंधरा दिवसांत सोसायटीत कोणी ब्राह्मीचं तेल सुचवून झालं होतं, कोणी पहाटे पांडवलेणी चढायला सांगून झालं होतं. छातीचा कार्डिओग्रामही दोनदा काढून झाला होता, दोन्ही वेळा स्वच्छ. "म्हणजे आजार नाहीच," साहेब म्हणाले, "मीच भित्रा."

वहिनी कपबशी ठेवत म्हणाल्या, "अहो, तुमचा तो मायक्रोमीटर दरवर्षी तपासायला बाहेर पाठवता ना? बावीस वर्षं जेवताना ऐकतेय मी. पाठवताना त्याला कोणी भित्रा म्हणतं का?"

साहेबांनी चहा बशीत ओतला. मग हळूच म्हणाले, "त्याचं त्याला मोजता येत नाही. दुसऱ्याकडेच पाठवावं लागतं."

"मग?" वहिनी म्हणाल्या. आणि माझ्याकडे वळून, "भाऊजी, तुम्हीच जा सोबत. मी असले तर तिथे माझीच काळजी करत बसतील."

मानसोपचाराच्या डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या. साहेब पाऊण तास आत, आणि मी बाहेर कुतूहलानं अर्धमेला. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते, पण चेहरा जरा सैल. डॉक्टरबाईंनी थायरॉइडची तपासणी सांगितली होती, एक गोळी दिली होती, आणि दर आठवड्याला बोलायला यायला सांगितलं होतं. "सर, झिरो एरर आहे," साहेब रिक्षात म्हणाले. "मायक्रोमीटरच्या जबड्यात काहीच नसतं, तरी तो शून्याऐवजी थोडं माप दाखवतो. मग पुढचं प्रत्येक माप तेवढ्यानं मोठं येतं. मोजणाऱ्याचा दोष नसतो हो त्यात." बावीस वर्षं ठाऊक असलेली गोष्ट त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळली होती.

झिरो काही लगेच जागेवर आला नाही. तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते गोळीलाच पिवळं लेबल लावायला निघाले होते. पाचव्यात झोप लागायला लागली. डॉक्टरबाईंनी आणखी एक गंमत सांगितली होती. दिवसभर येईल ती काळजी वहीत टिपायची आणि करायची मात्र ठरलेल्या अर्ध्या तासातच. साहेबांनी साडेपाच ते सहा ही वेळ नक्की केली. त्या वेळी ते गॅलरीत खुर्ची टाकून, चष्मा लावून, वही उघडून काळजी करत. सोसायटीत कोणी दार वाजवलं तर वहिनी सांगत, "सहानंतर या, ते काळजी करतायत." आणि एका दुपारी वर्गात असताना माझा फोन थरथरला. बाहेर येऊन उचलला, तर साहेब. "सर, हिरवं लावलं. सही केली."

आता माझ्या स्कूटरवर पिवळा कागद नसतो. हवा माझी मीच बघतो, म्हणजे विसरतो. चांगलंच झालं हे, तरीही सकाळी रिकामी सीट बघून जरा चुकल्यासारखं होतं.

परवा सहज वर गेलो, तर साहेब गॅलरीत वही मिटून बसलेले. "दोनच होत्या आज," ते म्हणाले. "संपल्या. अजून अठरा मिनिटं आहेत. तुमची एखादी असेल तर द्या."

मी हसलो. आणि हसता हसता, बायकोलाही न सांगितलेली गोष्ट बोलून गेलो. आई हल्ली मला माझ्या थोरल्या भावाच्या नावानं हाक मारते. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली.

साहेब काळजी करू नका म्हणाले नाहीत. त्यांनी वही उघडली. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. "रोज, की मधूनमधून? तुम्ही ओ देता का?"

"देतो," मी म्हणालो, आणि मग मला थांबता येईना. सहा कधीच वाजून गेले होते. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि म्हणाले, "बोला."