आमच्या ह्यांचं पार्शल प्रेशर

एक होतं सोलापूर. तिथं नवी पेठेमागं एका खोलीत चार माणसं राहायची: सासरे अण्णा, सासूबाई, आमचे हे आणि मी. आम्ही जातीचे धनगर. हे बी.एस्सी.ला एकदा आपटलेले. अण्णांनी बजावलं, "औंदा पास न्हाय झालास तर काठी घे आन् मेंढरामागं जा!" त्या एका वर्षात किस्से इतके साठले की एक सांगायला घेतला की दुसरा मागनं ढकलतोच!

*

ह्यांचं घोडं अडायचं गॅसच्या गणितात. मला सांगत बसायचे, "एका बंद डब्यात दोन गॅस. दोघंही भिंतींना रेटतात. एकेकाचा रेटा म्हणजे पार्शल प्रेशर."

मी विचारलं, "आपल्या खोलीत कुणाचा रेटा जास्त वो?"

चुलीपासून सासूबाई ओरडल्या, "माजा!"

*

एकदा हे अण्णांना इक्विलिब्रियम समजावत होते. "एक गॅस फुटून दुसरा होतो, दुसरा जुळून परत पहिला. आत सारखी धावपळ, पण बाहेरून बघाल तर काहीच पुढं सरकत नाही!"

अण्णा म्हणाले, "व्हय की. तुजा अभ्यास!"

*

एका गणिताचं उत्तर रोज चुकायचं. "दहा कण घेतले. त्यातले दोन फुटले, एकेकाचे दोन झाले. न फुटलेले आठ नि हे दोन, एकूण दहा."

मी भाकरी थापत ऐकत होते. अंगावर पिणारं कोकरू आईसकट एकच मोजायची आमच्यात रीत. ह्यांचा हिशेब लहानपणापासून तसाच वळलेला!

म्हटलं, "अवो, फुटल्यावर ते काय आईला पितंय व्हय? दोनाचे चार झाले की! आठ आन् चार, बारा!"

ह्यांनी फुटलेल्या चारांचा वाटा बारातनं काढला. उत्तर आलं एक तृतीयांश. पुस्तकात तेच! ह्यांनी आनंदानं उडी मारली ती थेट पिठाच्या परातीत.

*

दुसऱ्या दिवशी इक्विलिब्रियमचा आकडा काढताना नवीन घोळ. फुटलेल्यांचा रेटा त्याच रेट्यानं गुणायचा, मग न फुटलेल्यांच्या रेट्यानं भागायचं. हे गुणायचंच विसरायचे. मी नियम केला, विसरलात की शेंगाचटणी बंद.

परीक्षेपर्यंत चटणीचं गाडगं भरलेलंच!

*

अखेर पास झाले. मिलच्या रंगखात्यात जागा निघाली. मुलाखतीत मॅनेजरसाहेबांनी तसलंच गणित घातलं. हे म्हणाले, "साहेब, पाच मिनिटं घरी जाऊन येऊ?"

"का? घरी पुस्तक आहे?"

"नाही साहेब. बायको आहे."

दुसऱ्या दिवशी नोकरीचं पत्र आलं. वर नाव मात्र ह्यांचंच होतं!