भाजीचा पल्ला

आमच्या पुंजाजीसमोर किलोमीटरचं नाव काढू नये. रिसोडजवळच्या त्याच्या मळ्याला माझा बांध लागून आहे, म्हणून मी हे तीस वर्षं सोसतोय. अंतर तो भाजीनं मोजतो: ज्या गावाला जी भाजी ताजी पोचेल, तेवढं ते गाव लांब. रिसोड कोथिंबिरीच्या पल्ल्यात, वाशीम मेथीच्या, अकोला वांग्याच्या, नागपूर कोहळ्याच्या. कोहळ्यापुढे माणसानं राहूच नये, असं त्याचं ठाम मत. पुतणीला चंद्रपूरचं चांगलं स्थळ आलं होतं, ते या शहाण्यानं याच पायी मोडलं.

त्यामुळे त्याच्या समीक्षाला न्यूझीलंडमधल्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली, तेव्हा मला धास्तीच पडली. पोरीनं सगळं जमवलं होतं. फक्त बापाचा होकार बाकी होता, आणि त्याशिवाय ती जाणार नव्हती. मेथी काढणं चाललं होतं, मीही तिथंच बसलो होतो, तेव्हा तिनं विषय काढला.

"बाबा, मुंबईहून ऑकलंड बारा हजार किलोमीटर हाये."

"किलोमीटर नोको सांगू. टाइम सांग."

"मधात सिंगापूरले विमान बदलून अठरा-वीस तास."

पुंजाजीचा चेहरा खुलला. ओल्या गोणपाटात बांधलेली मेथी तेवढा वेळ आरामात तग धरते.

"म्हंजे मेथीच्याच पल्ल्यात हाये की! वाशीमच समज!" म्हणत तो तिच्या वाटणीची जुडी निवडायला लागला.

पोरीनं इथं गप्प बसायचं ना! पण बापासारखीच सरळसोट.

"बाबा, तिथं भाजी नेऊ देत नाईत. विमानतळावर कुत्रं सामान हुंगते, अन् दंड करतात."

"मेथीले कुत्रं?"

"एक काडीबी चालत नाई."

झालं! पुंजाजीनं जुडी फेकली. "जिथं बापाची काडी पोचत नाई, थे गाव दूर. जाचं नाई," म्हणून तो बाजेवर आडवा झाला. समीक्षा रडायला लागली. मला असा संताप आला! पण मी तोंड उघडायच्या आत त्याची बायको बोलली. जिजाबाई तोवर खाली मान घालून जुड्या बांधत होती.

"माहं माहेर शिरपूरले. कोथिंबिरीच्या पल्ल्यात हाये ना?"

"हाये," पुंजाजी म्हणाला.

"मंग चार वर्सांत एकडाव तरी नेलं काय मले? माय वाट पाहून राह्यली. पोरगी तं विमानानं वर्साकाठी येईन. आता सांगा, दूर कोन हाये?"

पुंजाजी उठून बसला. इतक्या वर्षांत त्याचं माप चुकलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. त्यानं मोटारसायकल काढली.

"चाल, बस."

"आत्ता? हात तरी धुऊ द्या!"

"बस म्हनतो ना!"

जिजाबाईनं मातीचे हात पदराला पुसले आणि बसली. गाडी बांधावरून धडधडत रस्त्याला लागली, तेव्हा पुंजाजी मागं न पाहताच ओरडला, "समीक्षे, तिकीट काढ!"

जिजाबाईनंही वळून पाहिलं नाही. तिला आईकडे जायची घाई होती.