मागच्या बाकापर्यंत

बाई वर्गात आल्या की आधी फळा पुसायच्या. फळा कोराच असायचा. मॉनिटरनं प्रार्थनेच्या आधीच तो ओल्या फडक्यानं लख्ख करून ठेवलेला असायचा, आणि बाईंना ते दिसत नव्हतं असंही नाही. तरी त्या हजेरीपट टेबलावर ठेवायच्या, डस्टर उचलायच्या आणि आमच्याकडं पाठ करून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पुसत जायच्या. त्यांच्या अंबाड्यातला एक आकडा नेहमी निम्मा बाहेर आलेला असायचा, आणि तो कधी पडतोय याच्यावर आमचा डोळा. पुसून झालं की त्या वळायच्या, आणि वळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर हसू असायचं. आम्ही सणसरच्या पोरींनी या प्रकाराला 'बाईंची पूजा' असं नाव ठेवलं होतं.

बाई आम्हाला मराठी शिकवायच्या. कविता नुसती पाठ असून त्यांचं भागायचं नाही. "मागच्या बाकाला ऐकू गेलं पाहिजे," हे त्यांचं पालुपद. म्हणणाऱ्या पोरीला फळ्याजवळ उभं करून त्या स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसायच्या. तिथं ऐकू आलं की दारात जायच्या, मग व्हरांड्यात, आणि शेवटी मैदान ओलांडून पार पाण्याच्या टाकीपाशी. तिथून त्यांनी हात वर केला की समजायचं, आवाज पोचला. माझा आवाज मांजर दूध पितं तेवढा. आजोबांच्या वेळेपर्यंत आमच्याकडं मेंढरं होती, पुढं ऊस आला, घर पक्कं झालं, पण बायकांनी दाराआडून बोलायची रीत काही गेली नाही. टाकीपाशी बाईंचा हात माझ्यासाठी वर जायला पुरतं एक सत्र लागलं. तो हात वर गेला तेव्हा मी वर्गातच रडले होते.

रागावल्या की बाई पुस्तकातल्यासारखं बोलायच्या, आणि माया आली की गावाकडचं. "नंदा, हे वर्तन शोभत नाही," म्हटलं की आमचं धाबं दणाणायचं. "नंदे, ये, हितं बस," म्हटलं की डब्यातली शेंगदाण्याची चटणी मिळणार हे नक्की. दहावीनंतर मला पुण्याला स्वयंपाकाच्या शिक्षणाला पाठवायचं खूळ त्यांचंच. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "शिकून बी भाकरीच थापायच्या न्हवं का?" बाई म्हणाल्या, "थापू द्या की. पर पगार घिऊन थापू द्या." त्या एका वाक्यावर मी पुण्याला गेले.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा मी नव्या मोबाईलवर त्यांचा फोटो काढला. फोटो म्हटलं की त्या तोंड वळवायच्या. मी म्हटलं, "बाई, मोठ्यानं हसा, मागच्या बाकाला दिसलं पाहिजे." त्या खरंच दात दिसेपर्यंत हसल्या आणि मी तेवढ्यात टिपला. निरोप समारंभाच्या फ्लेक्ससाठी तो फोटो मीच दुकानात पाठवला. तिथल्या कम्प्युटरात तो जो गेला तो कायमचा. आमच्याकडं कुणी जन्मलं, निवडून आलं, परीक्षा पास झालं की फ्लेक्स लागतो, आणि शुभेच्छुकांच्या गोल गोल तोंडांत बाई त्या हसण्यासकट हजर. विचारायचं कुणी नाही, त्याही कधी काही बोलायच्या नाहीत.

पुढं मी टीव्हीवरच्या एका जेवणाच्या कार्यक्रमात लागले. कॅमेऱ्याआधी सगळी तयारी करून ठेवायची, चिरायचं, वाटायचं, भाकरी थापायची, हे माझं काम. बाई दर रविवारी तो कार्यक्रम शेवटच्या नावांपर्यंत बघायच्या. माझं नाव डोळ्याचं पातं लवेपर्यंत यायचं आणि जायचं. तरी सोमवारी बाईंचा फोन ठरलेला, "बघितलं गं. दुसऱ्या ओळीत होतीस."

कार्यक्रमातल्या मुख्य माणसाचं नाव मी इथं लिहीत नाही. आम्ही त्याला शेफ म्हणायचो. आमच्याच तालुक्यातला, ढाब्यावर कांदा चिरता चिरता टीव्हीवर पोचलेला. गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या चुलीपुढं तो मांडी घालून बसायचा, भाकरीचा तुकडा मोडायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "या हातांना माझा नमस्कार." घराघरांत बायका पदरानं डोळे पुसायच्या. कॅमेरा बंद झाला की बायकांच्या हातांबद्दल आणि हातांखेरीज उरलेल्या सगळ्याबद्दल तो काय बोलायचा, ते आम्ही मुली ऐकायचो. मीठ जास्त पडलं तर सगळ्या युनिटला ऐकू जाईल असं माईकवरून विचारायचा, "नंदा, तारीख आली वाटतं?" माणसं हसायची. एका मुलीला तो नावानं हाकच मारत नसे, अंगाच्या मापावरून मारायचा. एकीनं "सर, असं बोलू नका" म्हटलं, तर दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडं फक्त भांडी आली.

शेवटी आम्ही चौघींनी वाहिनीला लिहून दिलं. तिसरी सही माझी होती. वाहिनीनं चौकशी होईपर्यंत कार्यक्रम थांबवला, मी सणसरला घरी आले आणि बातमी फुटली. आमची नावं कुठं छापून आली नाहीत, पण छापायची गरजच नव्हती. त्या कार्यक्रमात आमच्या तालुक्यातली मुलगी मी एकटीच.

सणसरच्या फाट्यावरच्या हॉटेलात चहा थंड व्हायच्या आत निकाल लागला. "आरं, चेष्टेत बोलला आसंल, गावरान माणूस हाय." "येवढी वर्सं गप का बसल्या मग?" "आपल्या मातीतला माणूस वर गेल्याला बघवत न्हाय लोकांस्नी." पुरुषांचं मी धरून चालले होते. पण माझ्या सख्ख्या चुलतीनं विचारलं, "हात तर लावला न्हाय ना? मग बोलल्यानं काय अंगाला भोकं पडत्यात व्हय?" शाळेच्या जुन्या पोरींच्या ग्रुपवर एकीनं हात जोडल्याचं चित्र टाकून लिहिलं, 'धन्यवाद ताई, आमचा रविवार घालवलात.' त्याला बावीस अंगठे आले. ज्या अंगठ्यांबरोबर मी डबे वाटून खाल्ले होते ते सगळे त्यात होते. आबांनी मला एकदाच विचारलं, "खरं हाय न्हवं?" मी हो म्हटलं. "मग ऱ्हाऊ दे," म्हणाले आणि उसाला पाणी धरायला गेले. त्या आठवड्यात माझ्याशी नीट बोललेलं ते एवढंच माणूस.

चौथ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स लागला. मधोमध हात जोडलेला शेफ, वर 'आपल्या मातीतला माणूस, आम्ही तुमच्या पाठीशी', आणि खाली समस्त ग्रामस्थांची दोन ओळींत गोल तोंडं. दुसऱ्या ओळीत तिसऱ्या जागी आमच्या बाई होत्या. दात दिसेपर्यंत हसत होत्या. मी गाडी बाजूला लावली आणि कितीतरी वेळ तिथंच उभी राहिले. बाकीच्या एकाही तोंडाचं मला काही वाटलं नाही.

बाई निवृत्तीनंतर जळोचीला मुलाकडं राहायला गेल्या होत्या. मी तशीच तिकडं गेले. त्या ओट्यावर गवार मोडत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "ये नंदे, हितं बस. जेवलीस का?" तेवढ्यानं माझा निम्मा राग गेला.

"बाई, फाट्यावरचा फ्लेक्स बघितला?"

"बघितला."

"तुम्हाला विचारलं होतं?"

"न्हाय. मला कोण विचारतंय."

"मग तेवढा फोटो काढायला सांगा. माझ्या बाजूनं बोलू नका, कुठं येऊ नका, काही करू नका. नुसता फोटो काढायला लावा. एका फोनचं काम आहे."

बाई गवार मोडत राहिल्या. सूप भरत आलं तशी त्यांनी मान वर केली, आणि एकदम पुस्तकातल्या भाषेत बोलायला लागल्या. "नंदा, आपल्या शाळेत ते हेडमास्तर होते, आठवतात? अकरा वर्षं. रोज सकाळी मस्टरवर सही करायला त्यांच्या खोलीत जावं लागे. रोज एक वाक्य. कधी साडीवर, कधी पाठीवर, कधी रात्री झोप झाली का, यावर. मी सही करायचे आणि वर्गात येऊन फळा पुसायचे. चेहरा नीट होईपर्यंत पुसायचे. मग तुमच्याकडे वळायचे. ते बदलून गेले, तरी पुसायची सवय राहिली. मी कुणाकडे तक्रार केली नाही. माझं काही बिघडलं?"

ते हेडमास्तर आम्हाला पंधरा ऑगस्टला स्वतःच्या हातानं लिमलेटच्या गोळ्या वाटायचे. त्या वेळी मी बाईंचा हात हातात घ्यायला हवा होता, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त संताप आला. मी म्हटलं, "मग आम्हाला कशाला मोठ्यानं बोलायला शिकवलंत? ते काय कवितेपुरतं होतं?"

"व्हय," बाई म्हणाल्या. "कवितेपुरतंच हुतं ते." मग खालच्या आवाजात, "तू पुण्याला जाशील. मला हितंच ऱ्हायचंय, ह्याच बायकांत. भजनाला ह्याच, दवाखान्यात न्यायला बी ह्याच. म्हातारपणी कुणाकुणाशी वाकडं घिऊ?"

मी उठले. त्यांनी घाईघाईनं आत जाऊन चटणीची पुडी आणली आणि माझ्या हातात कोंबली. मी ती पायरीवर ठेवली आणि गाडीला किक मारली. आरशात बघितलं नाही.

फ्लेक्स पावसाळाभर तिथंच होता. मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा त्याच्यावर चढला. वाहिनीनं काही महिन्यांनी दोन ओळींत कळवलं की वर्तन अनुचित आढळलं, संबंधितांना समज दिली आहे. शेफनं ती समज खिशात घातली आणि मोबाईलवर स्वतःचा कार्यक्रम सुरू केला. आधीपेक्षा जास्त लोक बघायला लागले. आमच्यातल्या एकीनं हे क्षेत्रच सोडलं. मी पुण्यात एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये लागले, तिथं माईक नाही.

नंतर तालुक्यात त्याचा जाहीर सत्कार झाला. उघड्या जीपमधून मिरवणूक, वरून जेसीबीच्या बकेटमधून फुलं. ग्रुपवर व्हिडिओ आला तो मी जीव घट्ट करून उघडला. स्टेजवर शाल घालायला ज्येष्ठ शिक्षिका म्हणून बाईंना बोलावलं होतं. बाईंनी शाल घातली. तो वाकून त्यांच्या पाया पडला, टाळ्यांचा कडकडाट झाला. मी व्हिडिओ तिथंच बंद केला. त्या दिवाळीत बाईंचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. पुढच्या दिवाळीत एक आला, तोही नाही.

गेल्या महिन्यात बाई गेल्या. आजारी नव्हत्या, दुपारी आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. दहाव्याला मी गेले. जळोचीत शिरतानाच 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स होता आणि त्यावर मी काढलेला तोच फोटो, या वेळी एकटा आणि माणसाएवढा मोठा. डोक्यामागं सोनेरी वर्तुळ, बाई मोठ्यानं हसतायत. फ्लेक्सवाल्याकडं दुसरा फोटोच नव्हता.

तिथं मंगल भेटली, कोऱ्हाळ्याला दिलेली. शाळेत आमच्या मागच्या बाकावरची. म्हणाली, "त्यो सत्काराचा व्हिडिओ तू पुरा बघितलास का?"

"शाल घातली, पाया पडला, तिथवर."

"पुढं त्यांच्या हातात माईक दिला हुता. बघ एकदा."

परत जाताना कालव्याच्या कठड्यावर बसून, इअरफोन कानात घालून मी तो बघितला. बाई माईक फार खाली धरतात. ओठ हलतात. नीट कान दिला तर ऐकू येतं, "माझी एक विद्यार्थिनी... याच कार्यक्रमात... तिनं जे..." तेवढ्यात गर्दीतून एक गडी ओरडतो, "बाई, मोठ्यानं! मागं ऐकू येईना!" लोक हसतात. बाई मान वर करून पार मागं बघतात. मग वळतात. थोडा वेळ कॅमेऱ्याला त्यांची पाठच दिसते, अंबाड्यातला आकडा निम्मा बाहेर आलेला. पुन्हा वळतात तेव्हा चेहऱ्यावर हसू असतं, माईक तोंडाशी असतो, आणि त्या म्हणतात, "शेफना माझ्या मनःपूर्वक शुभेच्छा." हे वाक्य शेवटच्या माणसापर्यंत स्पष्ट ऐकू जातं.

तो व्हिडिओ मी त्या दिवशी सात-आठ वेळा बघितला असेल. बाईंचे फोन उचलले नाहीत याचं वाईट वाटतं, पायरीवर ठेवलेल्या पुडीचं तर फारच वाटतं, आणि तरी बाईंवरचा राग जात नाही. ते अर्धं वाक्य मला ऐकू आलं, बाई. पण मला ते आधीपासून माहीत होतं. ऐकू जायला हवं होतं ते मागं उभ्या असलेल्या त्या लोकांना.