व्यंकूच्या गिटारीबद्दल एक ओळ

व्यंकू गेल्याचं मला सोलापूरच्या नवी पेठेत, आमच्या दुकानात, गिऱ्हाईकाला शर्टपीस फाडून देताना कळलं. त्याचा मेहुणा सायकल रस्त्यातच टाकून आत आला आणि म्हणाला, "कावीळ मेंदूत गेली. संपलं सगळं." समोरचे गृहस्थ म्हणाले, "अहो, माझं कापड..." मी त्यांच्या अंगावर ओरडलो. त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष? पण पस्तिशीही न गाठलेला माणूस असा उठून जातो म्हणजे काय? महिना उलटून गेला, माझा राग काही उतरलेला नाही.

आम्ही दोघं गावाच्या पूर्व भागातले. त्याचं तेलुगू विणकराचं घर, खाली वडिलांचे यंत्रमाग, वर राहायची खोली, आणि आमचं बिऱ्हाड भिंतीला भिंत लावून. रेडिओवरच्या परदेशी केंद्रांना कान लावून लावून तो गिटार शिकला. मी ड्रम बडवायचो, एक जण ऑर्गनवर, एक बेसवर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सोलापुरात बँड म्हणजे वरातीचा, आणि हा बाबा बिनशब्दांच्या, संपता न संपणाऱ्या रचना बांधत बसलेला. "गाणं कधी सुरू होणार?" असं त्याचे मामा विचारायचे, तेव्हा रचना संपत आलेली असायची. या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, हे आम्हालासुद्धा पुढे समीक्षकांकडूनच कळलं.

कुठली कंपनी आम्हाला दारात उभं करणार? म्हणून आम्हीच तबकडी काढायची ठरवली. त्याच्या वडिलांच्या कारखान्याला सुट्टी होती त्या दिवशी मागांच्या मधल्या जागेत स्पूलचा टेपरेकॉर्डर मांडला. व्यंकू फार चोखंदळ. पंखा बंद करवला, चपला बाहेर काढायला लावल्या, आईला, म्हणजे अम्मांना, जिन्यावर बसवून येणाऱ्या-जाणाऱ्याला थोपवलं. मग हात वर करून कानोसा घेतला आणि म्हणाला, "एकदम शांत हाय बे. चला." नाव ठेवलं ‘ताणा’, म्हणजे मागावरचा उभा धागा. मुंबईच्या एका ओळखीच्या माणसाकरवी तबकड्या काढून आणल्या, आणि त्या दिवशी आम्ही चौघं गल्लीतून राजासारखे चाललो होतो.

पुण्यात एका संगीतप्रेमी मंडळाच्या खोलीत ती पहिल्यांदा चारचौघांत लावली. गालिचे, जाड पडदे, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी जागा. थोड्या वेळानं एक बाई म्हणाल्या, "मागे हा खडखडाट कसला?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कसला खडखडाट? आणि मग... आम्हाला ऐकू आला. मागच्या गल्लीतल्या कारखान्यांची सुट्टी दुसऱ्या वारी असते. त्यांचे माग अख्खा दिवस धडधडत होते आणि जन्मापासून त्या आवाजात वाढलेल्या आम्हा चौघांपैकी एकालाही तो जाणवला नव्हता! व्यंकूचा चेहरा पांढराफटक पडला. 

पुण्याच्या एका साप्ताहिकानं झोडपलं, निदान आवाज तरी स्वच्छ घ्यायचा होता म्हणून. ते समजण्यासारखं होतं. पण मुंबईच्या एका इंग्रजी मासिकानं पानभर कौतुक केलं! या तरुणांनी यंत्रमागालाच वाद्य केलं, कामगारवस्तीचा श्वास रॉकमध्ये आणला, वगैरे वगैरे. नाव ‘ताणा’, मग त्यांना तरी दुसरं काय वाटणार? हे लिहिणारे समीक्षक स्वतः सोलापूरला आले. त्यांच्या शब्दावर एक मोठी कंपनी दुसरी तबकडी काढायला तयार होती, यावेळी माग अगदी जवळून घेऊन. व्यंकूनं फक्त गप्प बसायचं होतं. आम्ही तिघांनी त्याला बजावून ठेवलं होतं. हॉटेलात चहा यायच्या आत हा म्हणाला, "साहेब, ते आम्ही केलेलं नाही. आम्हाला ऐकूच आलं नव्हतं." साहेब आधी हसले. मग हसायचे थांबले. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

मी बाहेर येऊन त्याला नाही नाही ते बोललो. तेव्हा तो म्हणाला, "दोघांनी मागाबद्दल लिहिलं. माझ्या गिटारीबद्दल एक ओळ हाय का बे कुटं? चांगली न्हाय तर न्हाय, वाईट तरी?" पण तो चुकला असं मी आजही म्हणतो. त्यानं गप्प बसायला हवं होतं. पुढे तो गिटार घ्यायचा आणि अर्ध्यात ठेवून द्यायचा. "आता ऐकू येतंय बे, सारखं," म्हणायचा. शेवटी वडिलांचे माग चालवू लागला. आपली तबकडी त्यानं घरात पुन्हा कधी लावली नाही, कुणाला लावू दिली नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी भेटायला गेलो तेव्हा अम्मांनीच ती ट्रंकेतून काढून माझ्या हातात दिली. "लाव की," म्हणाल्या. मला धडकी भरली. नाही कसं म्हणणार? लावली. माझ्या कानांत त्या खडखडाटाशिवाय काही शिरेना, वाटलं, उठून बंद करावी. अम्मा भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेल्या. मधला संथ भाग आला, जिथे सगळे थांबतात आणि एकटी गिटार राहते, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "हितं त्यो रडतोय, बिड्डा, लेकरा. कुणाला कळू नये म्हणून हळू वाजिवतोय."

मला राहवलं नाही. "अम्मा, मागांचा आवाज मध्ये येत नाही का हो?"

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे नवलानं पाहिलं. "कुटले माग? बंद हायत की," म्हणाल्या, आणि तेवढाच भाग परत लावायला सांगितला. मी सुई उचलली, मागे नेली आणि गिटार एकटी राहते तिथे अलगद टेकवली.