पूर्वेच्या चार ओळी आणि आमचे भाऊसाहेब

ज्याच्या कृपेने कोरड्या काडीतून रस वर चढतो, त्या श्रीहरीला वंदन करून श्री. हबीब शेख यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त हे लिहितो. सिन्नर तालुक्यातील आमच्या गावाचे ते अनेक वर्षे तलाठी होते. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणते.

आमची पहिली भेट गारपिटीनंतरची. मी संस्कृतचा निवृत्त शिक्षक. द्राक्षबाग माझ्या दिवंगत पत्नीने लावलेली. काढणीला आलेले घड गारांनी झोडपून जमिनीवर पडले. अन्न पायाखाली येऊ नये, या संस्कारापोटी मी दोन दिवस खपून ते सारे वेचले, खड्ड्यात पुरले आणि बाग झाडून घेतली. सरकारी मदतीसाठी नुकसान डोळ्यांना दिसावे लागते, हे ध्यानातच आले नाही. मदत न मिळाल्यास बाग तोडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

भाऊसाहेब पंचनाम्याला आले, तेव्हा पंच म्हणून आलेले शेजारी धोंडीराम हसू लागले. "गुरुजी, बाग लय चकाचक केली तुम्ही! आता पंचनामा कशाचा करायचा, खराट्याचा?"

मी मान खाली घातली. "माझंच चुकलं, भाऊसाहेब. राहू द्या."

"राहू कसं द्या? गारा काय खोट्या पडल्या?"

एवढे बोलून ते वेलींत शिरले. काड्यांवरचे गारांचे घाव बोट फिरवून पाहिले. मग खड्ड्यापाशी उकिडवे बसून त्यांनी स्वतःच्या हातांनी माती उकरली. आंबलेले घड वर आले. "अन्नाचा मान राखलात, गुरुजी. पण आमच्यासाठी थोडं पडून राहू द्यायचं होतं!"

"समदी बाग गेली असं लिवा ना," धोंडीराम म्हणाले. "गुरुजींचं भलं होईल."

"पूर्वेच्या चार ओळी उभ्या आहेत, धोंडीभाऊ. त्या गेल्या असं लिहिलं, तर पुन्हा त्यांच्याकडे बघू कसा?"

पंचनामा सर्वांना ऐकू जाईल असा वाचून दाखवायचा आणि मगच सह्या घ्यायच्या, ही त्यांची रीत. त्या दिवशीही त्यांनी तसेच वाचले: गेले ते गेले, पूर्वेच्या चार ओळी उभ्या. आयुष्य ग्रंथांत घालवूनही सत्य इतक्या साध्या शब्दांत मी क्वचितच ऐकले होते. उभ्या ओळींतला एक घड मी पुढे केला. "नोकरीत आहे तोवर नको," ते म्हणाले.

यथावकाश मदत खात्यात जमा झाली. बाग वाचली. पुढे काही वर्षांनी, निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी, भाऊसाहेब एसटीने आले आणि बांधावरूनच हाक दिली, "गुरुजी, आता द्या तो घड!"

मग ते दर हंगामात येत राहिले. त्या चार ओळींखाली आमच्या गप्पा चालत. नमाजाची वेळ झाली की माझी पूजेची धुतलेली चटई मी त्यांना अंथरून देई.

आता गुडघ्यांमुळे ते शहरात, इंदिरानगरला मुलाकडेच असतात. दोन हंगाम बांध रिकामा गेला. फाट्यावर एसटी थांबली की अजून माझी मान वळते. वेलीही थकल्या, या हंगामानंतर बाग काढावी लागणार. पूर्वेच्या ओळीतला एक घड मात्र कागदात गुंडाळून वेलीवरच राखला आहे.

भाऊसाहेब, परमेश्वर आपणांस निरामय शतायुष्य देवो, आणि आपल्या गुडघ्यांना एका फेरीपुरते बळ देवो. गाडी मी पाठवतो. घड आपल्याच हातांनी तोडा.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाचे शिवार भरलेले राहो. आणि कधी गारा पडल्याच, तर त्याच्या खड्ड्यापाशी उकिडवे बसणारे असे कुणी त्याला लाभो.